तिसऱ्या मजल्यावरची जाळी

जाळीकाकूंच्या गॅलरीला जाळी लागली तेव्हा बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना वाटलं, ही कबुतरांसाठी असेल. उरलेल्या निम्म्यांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. जाळी मांजरासाठी आहे असं कळलं, तेव्हा पहिले निम्मेही उठून दुसऱ्या निम्म्यांत जाऊन बसले.

काकूंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. एकतीस वर्षं त्या जाळ्या विणत होत्या, म्हणून तर हे नाव पडलेलं. खेळाच्या सामानाच्या दुकानामागे एक लांबट पत्र्याची शेड, तिच्यात सहा बाया, छताच्या पाइपांना टांगलेल्या अर्ध्यामुर्ध्या जाळ्या आणि प्रत्येकीच्या हातात दोरा गुंडाळलेली चपटी लाकडी सुई. फुटबॉलच्या गोलाची जाळी, व्हॉलीबॉलची जाळी, फलंदाजांच्या सरावासाठी मैदानावर उभारतात त्या पिंजऱ्याची जाळी, सगळं या सहा जणींच्या हातचं. काकू तर जेवणाच्या सुट्टीत डबा खाताना डोळे मिटूनही गाठ मारू शकत. इतकी वर्षं लोकांचे चेंडू अडवले, आता घरचं मांजर अडवते, त्यात एवढं काय, असं त्या म्हणायच्या.

पण त्यात बरंच काही होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

या मांजराआधी काकूंकडे तीन मांजरं होऊन गेली. नवरा गेल्यावर दुसऱ्याच वर्षी ढब्बू आला. ढब्बू म्हणजे बैठ्या अंगाचा, आळशी, आणि रोज सकाळी रस्ता ओलांडून समोरच्या दुकानाच्या पायरीवर ऊन खायला जाणारा बोका. वर्षभर गेला आणि आला. मग एका सकाळी दुधाच्या गाडीखाली सापडला. दुसरी काळी. थंडीच्या दिवसांत कुणाच्या तरी गाडीचं इंजीन गरम असलं की खालून आत शिरून बसायची. गाडीवाल्याने सकाळी गाडी चालू केली. त्या बिचाऱ्याचाही दोष नव्हता, त्याला काय माहीत आत कोण झोपलंय. काकू त्याच्यावर ओरडल्या नाहीत, पण तेव्हापासून बिल्डिंगमधल्या कुठल्याही गाडीजवळून जाताना त्या बॉनेटवर दोन थापा मारतात. लोकांना ते वेड वाटतं. वाटू दे.

तिसरी चिंधी. पांढऱ्यावर काळे-पिवळे तुकडे जोडल्यासारखी दिसायची म्हणून चिंधी. ही सगळ्यांत लाडकी, आणि तिचं काय झालं हे कळलंच नाही. एका संध्याकाळी जिना उतरून गेली, ती परत आली नाही. काकूंनी अकरा दिवस जिवाचं रान केलं. हातात तिची वाटी आणि चमचा घेऊन, वाटी वाजवत, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत, गाड्यांखाली वाकून, बंद फ्लॅटच्या दारांना कान लावून. जिन्यात तिचा फोटो चिकटवला. भेटेल त्याला विचारलं.

आणि तिन्ही वेळा लोक एकच वाक्य बोलले. मांजरच तर होतं. शेजारी बोलले, शेडचे मालक बोलले, लांबच्या गावी राहणारी मुलगीही फोनवर बोलली, जरा मऊ आवाजात. काकूंचा या वाक्यावर असा राग आहे की आजही कुणी ते उच्चारलं तर त्या हातातलं काम खाली ठेवतात. माणूस म्हणत नाही की नवराच तर होता, असं त्यांनी एकदा एका शेजारणीला सुनावलं. शेजारीण पुढे दोन महिने लिफ्टमध्ये भेटली तरी वर दिव्याकडे बघत उभी राहायची.

चिंधी हरवली त्या आठवड्यात आवारात भिंतीच्या कडेने उंदरांचं विष टाकलं होतं. काकूंच्या मनात शंका आली. त्या सरळ तळमजल्यावर सेक्रेटरींकडे गेल्या. सेक्रेटरी म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे दीर. दोघा भावांनी एकाच वेळी या बिल्डिंगमध्ये घरं घेतली होती, थोरल्याने तिसऱ्या मजल्यावर, धाकट्याने खाली, पुढे चार कुंड्या ठेवण्याइतकी जागा होती तिथे. काकू त्यांना भाऊजी म्हणायच्या. माणूस वाईट नव्हता. भाऊ गेल्यावर वहिनीचं गॅसचं, विजेचं, बँकेचं काम पहिली दोन वर्षं त्यानेच केलं. फक्त नियम म्हटला की भाऊजींच्या अंगात येई.

"विष मांजराने खाल्लं असेल का हो?" काकूंनी विचारलं होतं. भाऊजींनी कानावर हात ठेवले. ते औषध फक्त उंदरांचं असतं, मांजर त्याला तोंड लावत नाही, आणि आपण काही पाहिलेलं नाही, असं ते म्हणाले. काकू वर निघाल्या तेव्हा जिन्यापर्यंत येऊन त्यांनी पुढचंही सांगून टाकलं, की वहिनी, मांजर पाळायचं तर घरात ठेवावं, बाहेर सोडलं की सोसायटीची जबाबदारी राहत नाही.

काकूंनी ते वाक्य गाठ मारून ठेवलं.

चौथा मुकादम. हा शेडमध्येच सापडला, नायलॉनच्या दोऱ्याच्या पोत्यात, हाताच्या तळव्याएवढा. मोठा झाल्यावर तो सहा बायांच्या समोर स्टुलावर बसून प्रत्येकीच्या हाताकडे आळीपाळीने बघायचा, आणि कुणाचा हात थांबला की तिच्यावर नजर रोखून राहायचा. शेजारच्या जागेवर विणणारी चष्मेवाली, काकूंची वीस वर्षांची मैत्रीण, म्हणाली, हा मालकाचा माणूस दिसतो, मुकादम आहे मुकादम. नाव चिकटलं. संध्याकाळी काकू त्याला पिशवीत घालून घरी घेऊन आल्या आणि दाराला कडी लावताना स्वतःशी म्हणाल्या, हा जाणार नाही.

मग त्यांनी घर त्याच्या जोगं केलं. खिडकीला आतून एक फळी बसवली, रस्ता दिसेल अशी. उरलेली जाड दोरी एका खांबाला गच्च गुंडाळली, नखं घासायला. रोज संध्याकाळी जेवायला घालण्याआधी चिंध्यांचा चेंडू दोरीला बांधून त्याला घरभर पळवायचं, म्हणजे शिकार झाली, पोट भरलं, साहेब झोपले. तरी वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी त्यांना ऐकवलंच, मुक्या जनावराला कोंडून ठेवताय, त्याला मोकळं सोडा. मोकळं म्हणजे काय ते मी तीनदा पाहिलंय, काकू म्हणाल्या. आजोबांनी नाक मुरडलं.

राहिली गॅलरी. मुकादमाला गॅलरीचं वेड. ऊन तिथे, वारा तिथे, समोरच्या तारेवरची पाखरं तिथून दिसायची. मालकांनी उरलेला काळा दोरा दिला आणि काकूंनी पंधरा दिवस काम संपल्यावर अर्धा-अर्धा तास बसून जाळी विणली. दोन बोटांची घरं, म्हणजे मांजराचं डोकं शिरणार नाही एवढी. काळा दोरा खालून चटकन दिसतही नाही, ठाऊक असलेल्यालाच दिसतो. वर हुक, दोन्ही बाजूंना पाइप, खाली कठड्याचा दांडा. बांधून झाल्यावर त्यांनी मुठीने दाबून पाहिली. जाळीने मूठ झेलली आणि परत दिली. काकू खूश झाल्या.

बरोबर तीन आठवड्यांनी नोटीस आली. भाऊजींची सही, सोसायटीचा शिक्का. दर्शनी भागाची एकसारखी शोभा बिघडते, तरी सदर जाळी आठ दिवसांत काढून टाकावी.

काकू नोटीस हातात घेऊन तशाच खाली गेल्या. भाऊजी पेपर वाचत होते. त्यांच्यात जे बोलणं झालं ते पुढे जाऊबाईंनी बिल्डिंगभर सांगितलं, कारण तिला आपल्या नवऱ्याचा निरुत्तर झालेला चेहरा फार दिवसांनी बघायला मिळाला होता.

"भाऊजी, बाहेर सोडलं तर विष, आत ठेवलं तर नोटीस," काकू म्हणाल्या. "मांजराने राहायचं कुठे ते एकदा लिहून द्या."

भाऊजी म्हणाले, नियम म्हणजे नियम, आज तुम्ही जाळी लावलीत, उद्या दुसरा पत्रा लावेल. काकू म्हणाल्या, पत्रा लागेल त्या दिवशी पत्र्याचं बघा. आणि वर निघून आल्या. नोटीस त्यांनी फाडली नाही. मुकादमाच्या खाण्याच्या ताटलीखाली अंथरली, म्हणजे फरशी खराब होत नाही.

इथवर सगळं ठीक होतं. काकूंची बाजू खरी होती आणि आवाजही खणखणीत होता. पण चौथ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, काकू शेडमध्ये असताना मुकादम जाळीखालून बाहेर पडला.

वरच्या मजल्यावरच्या आजोबांनीच ते पाहिलं. गॅलरीबाहेरच्या बोटभर रुंद पट्टीवर कबुतर बसलं होतं. मुकादमाने आधी नाक घातलं, मग डोकं, मग जाळीची खालची कड पाठीवर घेऊन सगळाच बाहेर आला. कबुतर उडालं. मुकादमाने वळायचा प्रयत्न केला, वळायला जागा नव्हती. तो जाऊबाईंच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडला, चादरीसकट खाली कुंडीवर आदळला. जाऊबाईंनी त्याला टॉवेलात गुंडाळला, रिक्षा थांबवली आणि रिक्षातूनच काकूंना फोन केला. त्या बाईने त्या दिवशी नवऱ्याला विचारलं नाही, नियम आठवला नाही, काही नाही. हे तिच्या नावावर लिहून ठेवायला हवं.

जनावरांची डॉक्टरीण बाई तरुण आणि कमी बोलणारी होती. मांजर नेहमी पायांवर पडतं असं लोक म्हणतात, तिने सांगितलं. पडतं खरं, पण एवढ्या उंचीवरून पाय धरत नाहीत, मग हनुवटी आपटते. मुकादमाचा खालचा जबडा मधोमध दुभंगला होता. चादरीमुळे बाकीचा वाचला. तिने जबडा तारेने बांधला, तीन दिवस ठेवून घेतला आणि पुढचे चार आठवडे सगळं खाणं पातळ करून, सुई काढलेल्या सिरिंजने, गालाच्या कडेने भरवायला सांगितलं.

"जाळी नव्हती का?" तिने विचारलं. "होती," काकू म्हणाल्या.

जाळी तुटली नव्हती. एक गाठ सुटली नव्हती. काकूंनी घरी येऊन गुडघे टेकून प्रत्येक घर तपासलं, आणि तरी कळेना. बुधवारी चष्मेवाली बघायला आली. तिने चष्मा कपाळावर चढवला, खाली बसली आणि जाळीची तळची कड हातात धरून पुढे ओढली. कड वीतभर पुढे आली.

"अगं, हिला झोळ सोडलाय," चष्मेवाली म्हणाली. "इथे कुठला चेंडू थांबवायचाय?"

काकूंच्या लक्षात आलं. सरावाच्या पिंजऱ्याची जाळी तळाशी नेहमी सैल सोडतात. ताणून बांधली तर जोरात आलेला चेंडू तिच्यावरून उसळून खेळणाऱ्याच्याच तोंडावर यायचा. सैल असली की चेंडू झोळीत शिरतो, दमतो आणि तिथेच पडतो. शेडमधला हा पहिला धडा. काकू तो एकतीस वर्षांपूर्वी शिकल्या, नंतर त्यांनी कितीतरी जणींना शिकवला आणि आता हाताला तो इतका मुरला होता की घरच्या गॅलरीत, आपल्या मांजरासाठी, त्यांनी न विचार करता वीतभर झोळ सोडला होता. मुठीने दाबून पाहिली तीही अशी, चेंडू बसतो त्या उंचीवर. मांजर तळाशी जातं हे डोक्यातच आलं नाही. बाकी कुठल्या बाईने, जिला जाळीतलं ओ की ठो कळत नाही, तिने ती घट्ट ताणूनच बांधली असती.

त्या दोन दिवसांत काकूंनी स्वतःला फार बोल लावला. रडल्याही. ढब्बूच्या वेळी गाडी होती, काळीच्या वेळी इंजीन होतं, चिंधीच्या वेळी काय होतं ते देव जाणे. या वेळी मात्र दुसरं कुणी नव्हतं, आपलेच हात होते. शुक्रवारी मुकादम घरी आला, तारेतून जीभ बाहेर काढून त्यांच्याकडे बघत बसला, आणि त्याच संध्याकाळी काकूंनी तळची कड सोडवून नवीन जाड दोरी ओवली आणि दर चार बोटांवर दांड्याला गच्च आवळली. नंतर ती पायाने ढकलून पाहिली, गुडघ्याने ढकलून पाहिली, शेवटी जमिनीवर आडव्या पडून डोक्याने ढकलून पाहिली. हलली नाही.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सोसायटीची सभा होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, वीस-बावीस माणसं. जाळीचा विषय शेवटचा. भाऊजींनी वाचून दाखवला. लगेच एक जण म्हणाला की शोभा जाऊ द्या, पण ती जाळी धोक्याची आहे, मांजर तिच्यातूनच पडलं की. माना हलल्या. कुणीतरी असंही म्हणालं की बाईंचा धंदाच जाळ्यांचा, आणि ही त्यांची जाळी. थोडं हसू पिकलं.

काकू उभ्या राहिल्या. चष्मेवालीने आदल्या दिवशी त्यांना बजावलं होतं की झोळाचं तोंडातून काढू नकोस, लोकांच्या हातात आयतं कोलीत देशील. पण काकूंना खोटं पेलत नाही.

"पडलं ते माझ्या चुकीने पडलं," त्या म्हणाल्या. "चेंडूसाठी बांधतात तशी मी खालून सैल बांधली. आता आवळली आहे. ज्याला शंका असेल त्याने वर यावं, डोकं घालून बघावं. चूक बांधण्यात होती, जाळी लावण्यात नव्हती. तिच्याशिवाय माझी तीन गेली. ती मी काढणार नाही."

सगळे गप्प झाले, पण गप्प बसलेला माणूसही हात वर करू शकतो. चौदा हात जाळी काढण्याच्या बाजूने वर झाले, सात काकूंच्या बाजूने. सातांत एक जाऊबाईंचा. नवऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून तिने तो असा उंच धरला की मोजणाऱ्याला चुकून विसरताही येऊ नये. बुधवारपर्यंत जाळी निघाली नाही तर सेक्रेटरींनी स्वतः जाऊन ती काढावी, असं ठरलं.

बुधवारी सकाळी दहाला बेल वाजली. भाऊजी एकटेच होते, हातात मोठी कात्री. काकूंनी त्या आठवड्यात शेडमधून सुट्टी घेतली होती. मालकांनी विचारलं, कुणासाठी, तेव्हा त्या म्हणाल्या, मुकादमासाठी, आणि मालकांनी अर्जावर घरी आजारपण असं लिहिलं. काकूंनी भाऊजींना आत घेतलं, पाणी दिलं आणि परत गॅलरीत जाऊन खाली मांडी घालून बसल्या, कारण भरवणं अर्धवट राहिलं होतं. मुकादमाला टॉवेलात लपेटून मांडीत घ्यायचं, डाव्या हाताने मान धरायची, उजव्या हाताने सिरिंज गालाच्या आत सरकवायची, एक थेंब, मग थांबायचं, त्याने गिळलं की दुसरा. एका वेळच्या जेवणाला पाऊण तास लागायचा.

भाऊजी उंबऱ्यात उभे राहून बघत होते. तारेच्या टोकाला थोडं खाणं चिकटलं होतं, काकूंनी ते कापसाने पुसलं.

"वहिनी, मलाही हे बरं वाटत नाही," भाऊजी म्हणाले. "पण ठराव झालाय."

काकू म्हणाल्या, कापा मग. मी अडवणार नाही, हातही लावणार नाही. फक्त ती मीच माझ्या हाताने काढावी असं म्हणू नका.

भाऊजी कठड्याशी गेले. त्यांनी एक दोरा कापला. काही झालं नाही. अशी जाळी एका ठिकाणी कापून उसवत नाही, प्रत्येक गाठ आपापली जागा धरून बसते. त्यांनी दुसरा कापला, तिसरा कापला. तीन कापांनंतर जेमतेम मूठ जाईल एवढं भोक पडलं. अशा दीड-दोन हजार गाठी होत्या. मुकादमाने कात्रीच्या आवाजाकडे कान वळवले आणि काकूंच्या मांडीत अंग चोरलं.

काकूंनी त्याला थोपटलं. त्यांचा आवाज चढला नाही.

"कापा, भाऊजी. मग तो बाहेर जाईल. आणि परत आला नाही, तर या वेळी मी तुम्हाला विचारायला येणार नाही. मागच्या वेळी आले होते. तुम्ही पाहिलं नाही म्हणालात."

कात्री थांबली. भाऊजींनी ती कठड्यावर ठेवली.

"पाहिलं होतं," ते म्हणाले.

काकूंना आधी ते नीट कळलंच नाही. मग भाऊजी कठड्याकडेच तोंड करून, तुकड्या-तुकड्यांत सांगत गेले. चिंधी हरवल्याच्या तिसऱ्या दिवशी पहाटे ते पंपाची मोटर लावायला गेले तेव्हा ती पंपाच्या खोलीमागे पडलेली दिसली. तोंडाला फेस होता. विषच होतं ते, दुसरं काही असायचं कारण नव्हतं. कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं की पाळीव जनावरांना आधी कळवा. ते कळवायचं राहून गेलं होतं. त्यांनी फावडं आणून तिला तिथेच पुरली. संध्याकाळी वहिनीला सांगू म्हणाले. संध्याकाळी धीर झाला नाही. मग दुसऱ्या दिवशी तर नाहीच.

"तुम्ही रोज वाटी वाजवत आमच्या दारावरून जायचात," भाऊजी म्हणाले. "मी टीव्हीचा आवाज मोठा करायचो. आता खालून वर बघितलं की ही जाळी दिसते, आणि मला ते आठवतं. शोभेचं सोडा. मला ती डोळ्यांपुढे नको होती."

अशा वेळी बाईमाणसाने रडावं अशी लोकांची अपेक्षा असते, आणि काकूंना रडू आलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांना संताप आला. तीन दिवसांनी कळलं असतं तर आठ दिवस वाचले असते. वाकून वाकून पाठ धरली होती ते वाचलं असतं. आणि त्यानंतर दीड वर्ष, जिन्यात कुठेही काही खुडबुडलं की दार उघडून बघायची सवय लागली होती, तीही वाचली असती. या माणसाने गॅसचं, विजेचं, बँकेचं केलं, आणि हे एवढं एक वाक्य याला तीन मजले चढून आणता आलं नाही.

त्यांनी मुकादमाच्या तोंडात शेवटचा थेंब सोडला, त्याने गिळेपर्यंत वाट पाहिली, त्याचं तोंड पुसलं आणि मग विचारलं, "विष टाकायच्या कागदावर सही कुणाची होती?"

"माझीच. सेक्रेटरीची लागते."

काकू उठल्या. मुकादमाला आतल्या खोलीत ठेवून दार लावलं, कारण जाळीला आता भोक होतं. स्वयंपाकघरात जाऊन ताटलीखालची नोटीस काढली, ओल्या फडक्याने पुसली, उलटी केली आणि पेनासकट भाऊजींच्या पुढे टेबलावर ठेवली.

"लिहा. तिसऱ्या मजल्यावरची जाळी राहील. आणि आवारात परत विष पडणार नाही. खाली सही."

"वहिनी, सभेत मतदान झालंय. माझ्या एकट्याच्या सहीने काही होत नाही."

"विष तुमच्या एकट्याच्या सहीने पडलं होतं," काकू म्हणाल्या.

भाऊजी खुर्चीवर बसले. त्यांनी कागद जवळ ओढला, सरळ केला आणि शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर नीट काढत दोन्ही वाक्यं लिहिली. सही केली. तारीख घालायची राहिली होती, काकूंनी बोट ठेवून दाखवलं, तीही घातली. मग ते म्हणाले की लोक विचारतील, काय सांगू. काकू म्हणाल्या, मला नाही सांगितलंत ते लोकांना सांगा.

काकूंनी सुईत दोरा भरला आणि भाऊजींसमोरच तीन गाठी मारल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत. भोक होतं तिथे हात फिरवला, पायाने तळची कड ढकलून पाहिली, मग आतल्या खोलीचं दार उघडलं. मुकादम दबक्या पावलांनी बाहेर आला आणि सरळ उन्हात जाऊन आडवा झाला.

भाऊजी दाराकडे निघाले होते. काकूंनी पायांत चपला सरकवल्या, तो कागद घेतला आणि त्यांच्या मागोमाग बाहेर येऊन घराला कुलूप लावलं. तळमजल्यावर नोटीस बोर्डासमोर त्या थांबल्या. बोर्डावर सभेचा ठराव टाचलेला होता. त्याच्याच दोन टाचण्या काढून त्यांनी भाऊजींच्या हातचा कागद त्याच्यावर लावला, सही वर दिसेल असा. जाऊबाई कुंडीला पाणी घालता घालता बघत होती.

"आता चला," काकू भाऊजींना म्हणाल्या. "जागा दाखवा मला."

आणि भाऊजी पुढे, काकू मागे, असे ते दोघं पंपाच्या खोलीकडे चालू लागले.